मयतीचा पहारा, रास अल खैमा

अठरा वर्षं मी इन्फंट्रीत काढली. त्यातले दोन टेन्युअर काश्मीरचे. तरी कोणी विचारलं, "गावडे, सगळ्यात वाईट दिवस कोणता?" तर मी काश्मीरचं नाव घेत नाही. माझा सगळ्यात वाईट दिवस रास अल खैमाचा. त्या दिवशी अंगात खासगी सिक्युरिटीचा निळा युनिफॉर्म होता, हातात लाकडी दंडुका होता आणि आजूबाजूला फायबरचे इजिप्शियन राजे उभे होते. तुम्हाला हसू येईल. सुरुवातीला आम्हीही हसायचो.

मी तुकाराम गावडे, निवृत्त हवालदार, तालुका चंदगड. पेन्शन घेऊन गावी राहिलो असतो तर काजूच्या बागेत शेळ्या हाकलत बसलो असतो. ते माझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून सिक्युरिटी सुपरवायझर होऊन दुबई गाठली. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत सहाजण राहायचो. मग २००८ ची मंदी आली आणि आमच्या साइटवरच्या क्रेन एकेक करून थांबल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे चढण्याआधीच घर फिरलं. कंपनीने मला उचलून रास अल खैमाला टाकलं, सिमेंट फॅक्टरीच्या मागे, उघड्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका गोडाऊनवर.

गोडाऊनचा मालक इजिप्शियन थाटाचं हॉटेल बांधणार होता. पायाचे खड्डे खणून झाले आणि बँकेने हात वर केले. मालक गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये सोडून पळाला. कोर्टाने सगळा माल जप्त केला. माल म्हणजे काय, तर प्लास्टरच्या शवपेट्या, कोल्ह्याच्या तोंडाचे देव आणि दोन पुरुष उंचीचे फेरो राजे. त्यांचा सोनेरी रंग एका उन्हाळ्यातच पोपडे धरून सुटायला लागला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आधी आठ गार्ड होते. मंदीत तीन उरले. गेटवर धनबहादुर, हा माझ्यासारखाच पलटणीतून आलेला, नेपाळचा. तिसरा युसूफ परकार, दापोलीकडच्या खाडीकाठचा, पंचेचाळिशीचा. हा फौजी नव्हता. आधी जहाजावर होता. सॅल्यूट असा मारायचा की कपाळावरची माशी उडवतोय असं वाटावं. मी रोज त्याची टिंगल करायचो आणि रोज त्याच्याच हातचं माशाचं कालवण खायचो.

एका सोमवारी कोर्टाचा माणूस लिलावासाठी माल बघायला येणार होता. आम्ही पेट्या हलवत होतो. फोर्कलिफ्टवरून एक शवपेटी घसरली आणि प्लास्टर फुटलं. आतून दुसरी, लहान पेटी बाहेर आली. ती लाकडाची होती, काळपट आणि जुनी. तिचं झाकण एका बाजूला सरकलं होतं. फटीतून पाऊल दिसत होतं. कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, माझ्या तळहाताएवढं.

धनबहादुर म्हणाला, "साब, ये भी नकली?"

युसूफने वाकून पाहिलं. मग खिशातला धुतलेला रुमाल काढून त्या पावलावर पांघरला आणि तोंडातल्या तोंडात कलमा पुटपुटला. "हवालदार," तो म्हणाला, "ही मयत हाय. पोरीची."

मी पोलिसांना कळवलं. संध्याकाळी पोलीस आले आणि त्यांच्यापाठोपाठ अबुधाबीच्या खलिफा सिटीतून डॉक्टर नादिया आल्या. ह्या मूळच्या इजिप्तच्या, जुन्या कबरींचा अभ्यास करणाऱ्या. पन्नाशीची बाई, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी ती पेटी पाहिली आणि त्या जमिनीवरच बसल्या. झाकणावर एक लांबट कडं कोरलेलं होतं. अशा कड्यात फक्त राजघराण्याचंच नाव लिहीत, असं त्यांनी सांगितलं. आतलं नाव मात्र कोणीतरी छिन्नीने खरवडून काढलं होतं.

त्यांनी पट्ट्यांखाली नीट पाहिलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. इंग्रजी साधं होतं, कळत होतं. ही राजाची मुलगी, सात-आठ वर्षांची. पुरल्यानंतर कधीतरी चोर कबरीत शिरले. सोन्याच्या कड्यांसाठी त्यांनी तिचा उजवा हात कोपरापासून तोडला. गळ्यातल्या ताइतासाठी छाती फोडली. ह्या चोऱ्यांमध्ये पुष्कळदा कबरींचे राखणदारच सामील असत. नंतर पुजाऱ्यांनी तिला पुन्हा गुंडाळलं आणि दुसऱ्या कुठल्यातरी गुप्त जागी नेऊन लपवलं. राजे-राण्यांची प्रेतं त्यांनी अशीच हलवली होती.

"ती जागा कुठली?" मी विचारलं.

"तेच कोणाला माहीत नाही. इजिप्तच्या कितीतरी राजांच्या कबरी अजून सापडलेल्या नाहीत. अशी एखादी वस्तू बाजारात आली की आम्हाला कळतं, कबर कोणालातरी सापडली. म्हणजे चोराला." त्यांनी पेटीच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे लालसर माती वाळून घट्ट बसली होती. "ही माती ज्या डोंगराची, तिथे ती लपवलेली होती. हिच्यासोबत आणखी कोण असेल कोण जाणे. ही पेटी गेली तर तो डोंगरही गेला."

"पण कबर हरवते कशी, मॅडम? एवढी राजाची कबर?"

"साधं आहे, हवालदार. जागा माहीत असलेली माणसं मरतात. मरताना कोणाला सांगत नाहीत. मग वर वाळू येते. खलास."

जाताना त्या मुलीच्या कपाळावरून हात फिरवावा तसा हात त्यांनी झाकणावरून फिरवला आणि लाडाने म्हणाल्या, "हबीबती, रविवारपर्यंत." तिला हलवायला खास पेटी बनवायची होती आणि परवानग्या आणायच्या होत्या. तोवर पोलिसांनी तिला गोडाऊनमधल्या एसी खोलीत ठेवून दाराला सील लावलं. पोलिसांची गाडी सकाळ-संध्याकाळ फेरी मारणार होती. बाकी पहारा आमचा. मला ऑर्डर कळली होती. रविवारपर्यंत ही पोर सांभाळायची.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर युसूफने प्लास्टिकची खुर्ची आणून सीलबंद दारासमोर ठेवली आणि तो बसला.

"युसूफभाई, घरी जा की."

"आमच्यात मयत एकटी नाय ठेवत, हवालदार. दफन होईपर्यंत कोनतरी बसतंच. हिचा हितं कोन हाय?"

"तुमच्या दापोलीची आहे का ती? हजारो वर्षं झाली तिला मरून."

"म्हनजे हजारो वर्षं दफनाबिगर हाय," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं माझ्या काळजाला लागलं होतं. काश्मीरमध्ये एका नाल्यात आमचा लान्स नायक पडला होता. गोळी गळ्यातून गेली होती. वरून फायर चालू होता आणि रेडिओवर ऑर्डर आली, बॉडी सोडू नका. दोघे सरपटत गेले, त्यातल्या एकाची मांडी फुटली, तरी बॉडी आणली. का आणली, हे सिव्हिलियन माणसाला सांगता येत नाही. युसूफला सांगावं लागलं नसतं. मी आणि धनबहादुरने आपसात ठरवलं की युसूफ झोपायला, जेवायला, नमाजाला जाईल तेव्हा त्या खुर्चीवर आमच्यापैकी एक बसेल.

कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर आपटे पुण्याचे. त्यांचा फोन आला. "गावडे, हे काय ऐकतोय मी? रोस्टरवर आतली पोस्टच नाहीये. कोर्ट दोन गेट पोस्टचे पैसे देतंय, तेही इन्शाल्ला मिळाले तर! ममी आहे ती. तिला कंपनी कशाला पाहिजे?"

"साहेब, रोस्टर तुमच्याकडेच ठेवा. माणूस बसणार."

"ओव्हरटाइम नाही मिळणार."

"कोणी मागितलाय?"

शुक्रवार उजाडला. युसूफने सकाळी अंघोळ करून पांढरा कुर्ता घातला, अत्तर लावलं आणि जुम्म्याला निघाला. "येताना बिर्यानी आनतो," म्हणाला. "खुर्ची सोडू नका." मी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. त्याने नेहमीसारखी माशी उडवली.

त्या भागात जुम्म्याच्या वेळी चिटपाखरू नसतं. फॅक्टरीचे ट्रक उभे, दुकानांची शटर खाली. मी खुर्चीवर होतो, थर्मासमधला चहा ओतत होतो. वायरलेस सेट बोलला.

"गोडाऊन, गेट. रेडिओ चेक. ओव्हर."

"गेट, गोडाऊन. लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

थोड्या वेळाने पुन्हा: "साब, एक पिकअप आया है. पानीवाला बोलता है, लेकिन पानी तो कल..." पुढे एक बोदा आवाज आला आणि सेट घरघरत राहिला.

"गेट, गोडाऊन. रिपोर्ट. ओव्हर." उत्तर नाही. "धनबहादुर!" उत्तर नाही.

मी पोलिसांना फोन लावून जागा सांगितली. तेवढ्यात मागच्या शटरवर कटर चालला. पळून फॅक्टरीत गेलो असतो तर कोणी मला नावं ठेवली नसती. पण दार माझ्या पाठीशी होतं आणि आत ती होती. मी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उतरवून पिन काढली.

चारजण आत आले. दोघांकडे पहारी, एकाकडे कसायाचा सुरा. पुढचा माणूस माझ्या ओळखीचा होता. मालकाचा जुना स्टोअरकीपर, मी चार्ज घेतला तेव्हा ह्यानेच मला किल्ल्या दिल्या होत्या. त्यानेच तिला प्लास्टरच्या पोटात दडवलं असणार. मला बघून तो खरोखरच दचकला.

"हवालदार? तुम अंदर क्या कर रहे हो? जुम्मे को तो गेट पे रहते हो."

त्याचा सगळा हिशेब त्या एका गोष्टीवर होता. जुम्म्याला एक गार्ड मशिदीत, दोघे गेटवर, आत कोणी नाही. कुठल्याच गोडाऊनमध्ये मेलेल्याच्या सोबतीला कोणी बसत नाही, हे त्याचं गणित बरोबरच होतं.

"आज अंदर हूं," मी म्हणालो.

"हट जाओ. मालिक का माल है, तुम्हारा क्या जाता है? यल्ला, चलो."

"माल नहीं है वो."

पहिला पहार घेऊन धावला. मी पावडर सरळ त्याच्या तोंडात सोडली आणि तो वाकल्यावर सिलिंडर त्याच्या जबड्यावर घातला. दात फरशीवर सांडलेले मला दिसले. दुसऱ्याचा घाव माझ्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचं कानाने कळतं, दुखायला नंतर लागतं. मी मागे एका फेरोवर आदळलो. त्याचा बुडखा लोखंडी होता म्हणून तो उभा होता. उजव्या खांद्याने जोर लावून मी त्याला त्या दुसऱ्या माणसावर ढकलला. माणूस खाली, राजा वर. तो गुरासारखा हंबरत होता. मग सुरा माझ्या पाठीवरून फिरला, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि मी गुडघ्यांवर आलो. सुरेवाल्याने माझ्या बरगडीत लाथा घातल्या. तोवर स्टोअरकीपरने सील तोडलं. दोघांनी ती लहान पेटी उचलून बाहेर आणली. ती त्यांनी माझ्या डोळ्यांसमोरून नेली आणि मला उठता येईना. इतका संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

पुढच्या छोट्या दारातून युसूफ आला. लोक नमाजानंतर गप्पा मारत थांबतात. तो थांबला नव्हता, मला खुर्चीवरून मोकळं करायचं होतं त्याला. गेटवर त्याने धनबहादुरला रक्तात पडलेलं पाहिलं होतं, तरी बिर्याणीची पिशवी हातातच होती. ती त्याने टाकली. त्याने ना दंडुका उचलला ना कोणावर हात टाकला. तो सरळ जाऊन पेटीवर आडवा पडला आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारली.

"खाली ठेवा! मयत हाय! मयत हाय ती!"

सुरेवाल्याने पेटीचं टोक सोडलं आणि त्याच्या कुशीत सुरा घातला. बाहेर काढला, पुन्हा घातला. पांढरा कुर्ता बघता बघता लाल झाला. युसूफने पेटी सोडली नाही. मोकळं झालेलं ते टोक त्याने आपल्या छातीवर तोललं आणि गुडघे टेकत, हळूहळू, आपल्या अंगावरून तिला जमिनीवर उतरवलं. झोपलेलं मूल खाली ठेवतात तसं.

मी पहार उचलली होती. एका हाताने. पहिला घाव सुरेवाल्याच्या मनगटावर घातला, दुसरा त्याच्या कानशिलावर. तो पडला. तिसरा घाव घालायला मी हात उगारला होता. सायरन ऐकू आला आणि स्टोअरकीपर पळाला. त्याची पिकअप पुढे ओमानच्या रस्त्यावर पकडली. तो तिसरा घाव मी घातला नाही, कारण युसूफने मला हाक मारली.

मी त्याच्या जखमेवर तळहात दाबला. बोटांमधून रक्त येत होतं ते काळं. लिव्हर. फौजेत असा रंग मी पाहिला होता आणि त्यानंतर काय होतं तेही.

"पडली नाय ना?" त्याने विचारलं.

"नाही. अलगद ठेवलीस."

"मंग बसा कोनतरी तिच्यापाशी."

"बसतो. मी बसतो, युसूफ."

अॅम्ब्युलन्स येण्याआधी तो गेला. मी खुर्चीवर बसलो नाही. दोघांच्या मधे फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. पोलिसांनी मला उठवायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना मराठीत शिव्या दिल्या म्हणे. मला आठवत नाही.

पोलीस केस होती, पोस्टमॉर्टेम होतं, म्हणून युसूफ हॉस्पिटलच्या शवागारात राहिला. आत बसायची परवानगी नव्हती. मी शवागाराबाहेरच्या बाकावर बसलो, हाताला प्लास्टर, पाठीला टाके. धनबहादुर डोक्याला पट्टी बांधून यायचा आणि म्हणायचा, "साब, अब मेरी बारी." शनिवारी आपटेसाहेब सहकुटुंब आले. थोडा वेळ उभे राहिले, मग टाय सैल करून बाकावर बसले. "गावडे, तुम्ही जेवून या. मी बसतो." त्यांच्या धाकट्या मुलीने दाराकडे बघत विचारलं, "बाबा, हू इज इनसाइड?" ते म्हणाले, "युसूफ अंकल." आणि चष्मा पुसत राहिले.

रविवारी नादिया मॅडम पोरीला न्यायला आल्या. पेटीला ओरखडा नव्हता आणि तळाची माती जिथल्या तिथे होती. अबुधाबीला परतताना त्यांनी व्हॅन हॉस्पिटलच्या आवारात थांबवली, ड्रायव्हरला पोरीजवळ बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला ते बरं वाटलं.

दापोलीहून युसूफच्या भावाचा फोन आला, "आता आनखी तंगवू नका, तितंच दफन करा." डोंगराच्या बाजूच्या कबरस्तानात त्याला ठेवला. मीही मातीच्या मुठी टाकल्या. मग टाचा जुळवून सॅल्यूट केला, अगदी पलटणीतल्यासारखा. तिथल्या कबरी साध्या असतात, डोक्याशी एक दगड, पायाशी एक. त्यांच्यावर नाव नसतं.

आठवड्याने त्याची बायको शमीमवहिनी फोनवर होत्या. रडून संपलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, कबर कुठंशी हाय? मी कधी आले तर मला गावंल का?"

मला नादिया मॅडमचं कबर हरवण्याबद्दलचं बोलणं आठवलं. मी त्याच दिवशी परत कबरस्तानात गेलो. फौजेत नकाशावर जागा पक्की करायची तर दोन ठळक खुणा घेतात, वाळूच्या टेकडीची कधीच घेत नाहीत, कारण ती हलते. तशा मी दोन खुणा घेतल्या आणि वहिनींना सांगितल्या.

चार-पाच वर्षांनी त्या मुलाला घेऊन व्हिजिट व्हिसावर आल्या. कबरस्तान वाढून दुप्पट झालं होतं. जिकडे बघावं तिकडे सारखेच दगड. मुलगा गोंधळला. शमीमवहिनी नाही गोंधळल्या. फाटकातून आत आल्या, मान वर करून खुणा जुळवत चालत गेल्या आणि बरोबर युसूफपाशी थांबल्या. मग तिथेच खाली बसल्या. आम्ही लांब उभे राहिलो.

मॅडमचा अधूनमधून मेसेज येतो. पोरगी कैरोत सुखरूप आहे. त्या मातीवरून ती दोनपैकी एका दरीतली एवढं नक्की झालंय, कबर अजून सापडलेली नाही. तिचं नावही सापडलेलं नाही.

माझंही आता वय झालं. वहिनींना दम्याने घेरलंय, धनबहादुर नेपाळला गेला. म्हणून हे सगळं लिहून काढलं. तुमच्यापैकी कोणी रास अल खैमाला गेलात तर सिमेंट फॅक्टरीच्या मागच्या कबरस्तानात जा. डोंगराकडे पाठ करून चालत राहा. मशिदीचा मिनार फॅक्टरीच्या डाव्या चिमणीच्या बरोबर पुढे आला आणि एकटं घाफचं झाड उजव्या खांद्याला लागलं की थांबा. तुमच्या पायाशी युसूफ परकार आहे, गाव दापोलीकडचं. घटकाभर बसा त्याच्यापाशी.